जाहिरातीतली २ टक्के किल्लारी

तर मंडळी, या शनिवारी सरकारी नोकरीची जाहिरात वाचू या. निवांत, चहा घेऊन. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटची अशी जाहिरात कॅम्पसमधून ऑफर लेटर मिळण्याआधी पाहिली असेल, तीही वडिलांनी कात्रण काढून ठेवलं म्हणून. मला मात्र ती वाचायची सवय लागलीय. महाराष्ट्राचा इतिहास इतका गच्च भरलेला मजकूर दुसरीकडे मिळत नाही!

पदसंख्या, वेतनश्रेणी वगैरे सोडून द्या. 'समांतर आरक्षण' नावाचा भाग काढा. माजी सैनिक, खेळाडू हे सगळीकडे असतात. मग येतात प्रकल्पग्रस्त, ५ टक्के. म्हणजे धरणं. मग पदवीधर अंशकालीन, १० टक्के. म्हणजे सरकारी कचेऱ्यांत महिना ३०० रुपये मानधनावर तीन वर्षं काम केलेले पदवीधर. त्यांना वयाच्या ५५ पर्यंत अर्ज करता येतो (५५! आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाला 'सीनियर' म्हणून हळूच बाजूला करतात). वयोमर्यादेच्या ओळीत १९९१ च्या जनगणनेला तात्पुरते घेतलेले कर्मचारीसुद्धा भेटतात. एखाद्या टेकाडाचं उत्खनन करावं तसे थरावर थर.

आणि यातच एक थर: भूकंपग्रस्त, २ टक्के.

हा थर आमच्या भागाचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनं आटोपून गावं नुकती झोपली होती. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजार, कुठला हिशेब धरता त्यावर. ५२ गावं पार जमीनदोस्त झाली म्हणून नव्या जागी वसवायची ठरलं. जागतिक बँकेच्या कर्जातून घरं उभी राहिली, जमिनीच्या हिशेबाने: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे जुन्या गावातली उतरंड नव्या गावात चौरस फुटांत मोजून मिळाली. असो, तो वेगळा विषय.

घराबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली, जिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. भूकंपग्रस्ताचा दाखला. गट क आणि गट ड च्या सरकारी नोकऱ्यांत २ टक्के जागा, घरातल्या एकाच माणसासाठी.

एकाच! या एका शब्दाने घराघरांत काय केलं असेल याचा विचार करा. आमच्या नात्यातल्या एका घरात तीन भावंडं. दाखल्यावर नाव थोरल्याचं लागलं, कारण तो बारावी झालेला होता, म्हणजे निम्मी वाट चाललेला. दाखला असला तरी पात्रता सुटत नाही ना. तलाठी व्हायचं तर पदवी. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर पदवी, शिवाय मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं टायपिंग. २००१ नंतर एमएस-सीआयटी आलं, मग तेही. तेव्हा थोरल्याने बीए केलं. विषय कुठले म्हणून विचारलं तर हसून म्हणाला, "विषयाचं काय घिऊन बसलास, डिग्री पायजे." धाकटी अभ्यासात त्याच्याहून पुढे, पण तिच्या नावावर दाखला नव्हता. तिने डीएड केलं. त्या काळात गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली होती. २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी टीईटी. ती सध्या शिलाई मशीन चालवते. थोरला अजून फॉर्म भरतो.

आता गणित. (इथे माझ्यातला प्रोग्रॅमर जागा होतो, सहन करा.) समांतर आरक्षण एकूण जागांवर सरसकट लागत नाही, ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत लागतं. समजा एका कार्यालयात ५० जागा निघाल्या. इतर मागास प्रवर्गाचे १९ टक्के, म्हणजे साडेनऊ जागा. त्यांचे २ टक्के म्हणजे ०.१९. माणूस ०.१९ नेमता येत नाही. त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्याच्या तक्त्यांत भूकंपग्रस्तांच्या रकान्यात कित्येकदा नुसती शून्यं दिसतात. नियम कुणी मोडलेला नसतो बरं का, पूर्णांकात मोजल्यावर उरतं तेवढंच. मोठी भरती निघाली तरच हा आकडा एकवर पोचतो. २०२३ ची तलाठी भरती घ्या. राज्यभरात ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांहून जास्त. ४,६४४ चे सरळ २ टक्के काढले तरी ९३ होतात.

सुरुवातीला दाखल्याच्या जोरावर थेट नेमणुकीची आशा तरी होती. २००९ मध्ये तो मार्ग बंद झाला. आता जाहिरात, परीक्षा, गुणवत्ता यादी, सगळ्यांसारखंच. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण किल्लारीच्या माणसाला १९९३ नंतर जे मिळालं असं वाटत होतं ती नोकरी होती, आणि हातात राहिला तो रांगेचा पास.

यावर 'मग खाजगीत का जात नाहीत?' असं विचारणारे मित्र मला पुण्यात रोज भेटतात. त्यांच्यासाठी एक माहिती. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने त्या भागातली साधारण १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याजवळ आणली. वाघोलीला. हो, तीच वाघोली, जिथे आपण फ्लॅट बघतो आणि खराडीच्या ट्रॅफिकला शिव्या देतो. म्हणजे १९९३ मध्येच कुणीतरी ओळखलं होतं की शिकायचं तर गाव सोडावं लागणार. जी मागे राहिली त्यांच्यासाठी किल्लारीत खाजगी म्हणजे काय? शेती, दुकान, आणि साखर कारखाना, तोही मध्येच वर्षानुवर्षं बंद.

आणि सरकारी नोकरीचं हे वेड भूकंपाने लावलं असंही नाही. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याआधीच १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्यांचा शब्द दिलेला होता. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमातसुद्धा तंत्रशिक्षण आणि राज्य सेवेतल्या संधी यांचा उल्लेख आहे. १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हाही मागण्यांत नोकऱ्या होत्याच. आमच्याकडे नोकरी हा पिढ्यान् पिढ्या थकलेला शब्द आहे. भूकंपाने त्याचा नमुना छापून, शिक्का मारून दिला, एवढंच.

शेवटी वयाची अट. भूकंपग्रस्तांसाठी कमाल ४५ वर्षं. त्या पहाटे जो २० वर्षांचा होता तो २०१८ मध्ये बाद झाला. शाळेत जाणारी पोरं हल्ली एकेक करून बाद होतायत. आमचा थोरला तेव्हा १२ वर्षांचा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला, डिग्री, टायपिंगची सर्टिफिकेटं अजून नीट ठेवलेली आहेत. परवा फोनवर विचारत होता, हा दाखला आता पोराच्या नावावर करता येतो का, आणि त्याला कुठली डिग्री घ्यायला लावू? पोरगा सातवीत आहे.