वेसाव्याच्या मुखाशी, 1925

रात्रीचे साडेतीन वाजलेत. कुठल्या घड्याळात, हे विचारू नका. साल 1925. मुंबई शहराची घड्याळं ‘मुंबई वेळ’ दाखवतात, तर अंधेरी स्टेशनातलं घड्याळ हिंदुस्थानच्या प्रमाण वेळेवर, म्हणजे 39 मिनिटं पुढे. तुम्ही वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) खाडीत गुडघाभर पाण्यात उभे आहात आणि इथे या दोन्ही घड्याळांना कोणी विचारत नाही. इथे तिथी चालते.

“आज काय?” तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, विचारतो.

नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झालेत. “वद्य चतुर्थी,” तुम्ही सांगता.

“मंग चार पाऊण?”

शाळेत घोकलेली पाउणकी आठवते. चार पाऊण तीन. तीन वाजता भरती पूर्ण. पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी तीनच्या सुमाराला. मधे नऊच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून जितवी तिथी, तिला पाऊणने गुणायचं की भरतीचा तास हातात येतो. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्यामागे जातं, म्हणून हे गणित जमतं. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते. पण भरती-ओहोटीचं छापील कोष्टक न पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

होडीत चढा. पाय ठेवताना जपून, फळ्या ओल्या आहेत आणि मुशीच्या तेलाने गुळगुळीत झाल्यात. त्या तेलाचा उग्र वास पहिली पाच मिनिटं सोसवत नाही, नंतर जाणवत नाही. पायाशी सुती जाळं आहे, ऐनाच्या सालीच्या काढ्यात रंगवून तांबूस झालेलं. नायलॉन अजून जगात नाही. या होडीला इंजिनही नाही. शीड आहे, चार वल्ही आहेत, सुकाणू आहे आणि सुकाणूवर तो म्हातारा तांडेल आहे.

पाणी भरून उभं आहे. ना आत ओढ, ना बाहेर. ढगांच्या फटीतून चतुर्थीचा चंद्र डोक्यावर दिसतो. डाव्या हाताला कोळीवाडा, बोंबील वाळवायच्या वलांड्या पावसामुळे रिकाम्या. उजव्या हाताला खाडीपल्याड मढचं टोक, त्यावर किल्ल्याचा काळा आकार. समोर काहीच दिसत नाही, पण ऐकू येतं. दूरवर एक लांबलचक खर्ज, मधेच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. तो वाळूचा दांडा.

पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून समुद्रात नेतात आणि थोड्या अंतरावर तिचा लांब ढीग घालतात. हिवाळ्यात लाटा मवाळ झाल्या की तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लागते. खाडीच्या मुखाशी या खेळात आणखी एक गडी येतो: खाडीचं स्वतःचं पाणी. रोज दोनदा आत, दोनदा बाहेर. या ये-जा करणाऱ्या पाण्याने वाळूतून एक चर कोरून ठेवलेला असतो. होडीची वाट तीच. पण गेल्या वैशाखात तो चर जिथे होता तिथेच आज असेल, याची हमी खुद्द तांडेलही देत नाही. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेऱ्यांत तो होडी हाकण्यापेक्षा वाट हुडकण्याचं काम जास्त करतो.

एक खलाशी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून लांब बांबू पाण्यात टेकवतो. तुम्हालाही एकदा देतो. टेकवून बघा. टोक चिखलात गेलं तर बांबू धरला जातो, उपसताना हाताला ओढ लागते. वाळूवर टेकलं तर टणकन थांबतं आणि बारीक करकर तळव्यापर्यंत येते. करकर लागली की तो नुसता “वालू” म्हणतो आणि तांडेल सुकाणू दोन बोटं फिरवतो. बोलणं एवढंच. पाणी वळायच्या आत बाहेर पडायचं आहे. ओहोटीचा जोर एकदा सुरू झाला की बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडतात. मग लाट आखूड होते, उंच होते, तिचा चेहरा भिंतीसारखा उभा राहतो. वारा वाढलेला नसताना, पाऊस नसताना, केवळ पाण्याची दिशा बदलल्याने तीच जागा तासाभरात जीवघेणी होते. मुखाशी बुडणाऱ्या होड्या वादळातच बुडतात असं नाही, पुष्कळदा त्या लख्ख उन्हात बुडतात.

तुम्ही बाहेर पडलात. नाळ तीनदा वर गेली, तीनदा आदळली, अंगावर पाणी आलं, बस. बाहेर जाताना लाट समोरून येते, दिसते, तिला नाळ देता येते. मासेमारीचं वर्णन करत बसत नाही. जाळं टाकलं, ओढलं, थोडी मांदेली, थोडी कोलंबी, दोन घोळ मिळाल्या. खरी परीक्षा परतीची आहे.

ऊन चढलंय, बारा वाजले असावेत. मढचा किल्ला आता स्वच्छ दिसतो. पोर्तुगीजांनी तो बांधला, वसईच्या मोहिमेत 1739 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. तो नेमका इथेच का, हे होडीतून चांगलं कळतं. आत यायचं तर या अरुंद तोंडातूनच यावं लागतं, आणि तेही पाणी देईल त्या वेळी.

वल्ह्यावरच्या तरण्या पोराला भूक लागली आहे. घर समोर दिसतंय, अर्ध्या तासाची वाट. भरती चढते आहे, पाणी आतच ओढतंय, मग थांबायचं कशाला? तुमच्याही मनात तेच. तांडेल नांगर टाकायला सांगतो. “दोन वाजेपर्यंत हितंच.” आणि पान काढून बसतो.

का थांबला, ते त्याच्या शब्दांत मिळणार नाही, म्हणून इथे सांगतो. सुकती नऊची. भरतीचे सहा तास सारख्या वेगाने चढत नाहीत. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, शेवटच्या तासात एक. म्हणजे बारा वाजता निम्मंच पाणी भरलंय आणि प्रवाह ऐन जोरात आहे. दुसरं, लाट फुटते ती खोली कमी पडल्याने. चार फुटांची लाट साधारण पाच फूट पाण्यात आली की तिचा पाय अडखळतो आणि डोकं पुढे कोसळतं. त्याच जागी दहा फूट पाणी असेल तर तीच लाट होडीला उचलून खाली ठेवते आणि निघून जाते. लाट तीच, होडी तीच, माणसं तीच. मधे फक्त दोन तास.

हे दोन तास काढणं हीच या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, असं माझं मत आहे. वल्हं मारायला ताकद लागते, ती तरण्या पोरात आहे. घर दिसत असताना उपाशी पोटी नांगरावर बसायला जे लागतं, ते त्याच्यात अजून यायचंय.

तांडेल बसलाय पण मोकळा नाही. तो दांड्याकडे बघतोय. बाहेरून लाटेचा फुटणारा चेहरा दिसत नाही, दिसते फक्त तिची पाठ, आणि फुटली की पाठीवरून उडालेले तुषार. कुठे तुषार उडतात, कुठे पाठ अखंड पुढे सरकते, हे तो पाहतो. जिथे फुटत नाही तिथे खोली, तिथे चर. मग त्या जागेची ओळ तो किनाऱ्यावर लावतो: पुढे देवळाचा कळस, मागे वाडीतला वाकडा ताड. दोन्ही एकापाठोपाठ दिसले की आपण चरात. ताड कळसाच्या डावीकडे सरकला की होडीही डावीकडे घसरली, उजवीकडे सरकला की उजवीकडे. गेल्या वर्षी खूण वेगळी होती, असं तो सहज बोलून जातो.

तुम्ही लाटा मोजायला लागता. सातवी मोठी असते ना?

“मोजू नको, पोरा. बग.”

सातव्या लाटेवर जीव टाकण्यात अर्थ नाही. मोठ्या लाटा घोळक्याने येतात हे खरं. तीन, चार, कधी सहा. मग थोडी विश्रांती. घोळका केवढा आणि विश्रांती किती, हे रोज वेगळं. ते बघूनच कळतं, आणि ते बघायला वेळ द्यावा लागतो.

दोन वाजून गेले. तांडेल उठतो आणि आता भराभर कामं होतात. शीड उतरवून बांधलं, कारण मागून वारा घेऊन होडी लाटेपेक्षा वेगाने धावली तर ती लाटेच्या पुढ्यात सापडते. मासळीच्या पाट्या मागे सरकवल्या. तुम्हीही मागे, खाली बसा, उभं राहायचं नाही. पुढचा भाग जड राहिला तर नाळ पाण्यात खुपसते आणि मागचा भाग वर उचलला जाऊन होडी गरकन आडवी होते. आडवी झाली की पुढची लाट तिला उलटी करते. जाड दोराचा एक मोठा फास मागे पाण्यात सोडला. तो ओढत यायचा, म्हणजे पिछाडी सरळ राहते.

एक घोळका येतो. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी सगळ्यांत उंच, ती होडीखालून सरकते. तिची पाठ समोर येते आणि तांडेल ओरडतो, “मारा!”

चारही वल्ही एकदम. तुमच्यासमोर पाण्याची एक हिरवी टेकडी पळते आहे आणि तुम्ही तिच्यामागे. तिला गाठायचं नाही, तिच्या पुढे तर जायचंच नाही, आणि मागेही फार पडायचं नाही. डावीकडे वीस हातांवर दुसरी लाट वाळूवर फुटते. पाण्यातल्या वाळूचा पिवळट रंग, फेस, अंगावर तुषार. तिकडे बघू नका. तांडेल तिकडे बघत नाहीये, त्याचे डोळे कळस आणि ताडावर आहेत. एकदा मागून लाट उचलते, सुकाणू हलकं पडतं, होडी क्षणभर कोणाचीच नसते. “थांब!” वल्ही थबकतात. दोर ताणला जातो, पिछाडी जागेवर येते. लाट खालून जाते. “मारा!”

आणि पाणी सपाट होतं. झालं.

तांडेल दोर गुंडाळणाऱ्याला शिव्या घालतोय, फास नीट बांधला नव्हता म्हणून. काठावर कोळणी पाट्या घेऊन तयार आहेत. मासळी अंधेरीला पोचायची आहे. तिथून गाडी वाफेच्या इंजिनाची. विजेची गाडी या मार्गावर 1928 मध्ये येईल.

आता आजच्या काळात परत या. खाडी तीच, मढला जाणारी फेरीबोट तीच वाट ओलांडते. होड्यांना इंजिनं आहेत, जाळी नायलॉनची, हातात जीपीएस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पण आरेतून येणारी ओशिवरा नदी आता उपनगराचं सांडपाणी, प्लॅस्टिक आणि गाळ घेऊन याच खाडीत, म्हणजे मालाड खाडीत, उतरते, आणि गाळ काढा ही वेसावकरांची मागणी जुनी आहे. इंजिनाने ताकद दिली, तशी घाईही दिली. मागून लाटेने उचललं की पंखा हवेत फिरतो, तेव्हा कितीही अश्वशक्ती असो, उपयोग शून्य. कोकणात हर्णैच्या बोटी आसऱ्यासाठी आंजर्ल्याच्या खाडीत शिरताना मुखाशीच उलटल्या आहेत. केरळात मुथलापोळीला बंदराचे बांध घातल्यावर तोंडाशी वाळू साचत गेली आणि तिथे डझनांनी मच्छीमार गेले.

एकदा गाळ उपसून भागत नाही, वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. तेव्हा दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी चराची मोजणी करून त्याच्या दोन्ही बाजूंना तरंगत्या खुणा लावाव्यात, एवढं तरी सरकारने करावं. आणि तुम्ही कधी कोणाच्या होडीत बसून मुखाशी आलात आणि तांडेलाने बाहेरच नांगर टाकला, तर त्याला घाई करू नका. तिथी विचारा, पाऊणने गुणा आणि गप्प बसून राहा.