शेजारधर्म आणि सार्वजनिक शाळा

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत गुणवंतांचा गौरव व्हावा, शिष्यवृत्त्यांची नोंद यावी, हे योग्यच आहे. परंतु जिथे सर्व ज्ञातींची मुले एका पाटावर बसतात, त्या सार्वजनिक शाळेविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कुटुंबांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना पुणे प्रांतातील ख्रिस्ती मंडळींच्या शिक्षणकार्याचा इतिहास आठवणे आम्हांस उचित वाटते.

१८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना या देशात कार्य करण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकन मिशनच्या कुमारी सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या व १८३९ पासून अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुलींना शिकवू लागल्या. या शाळांमागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्यामुळेच धर्मांतराच्या धास्तीने अनेक कुटुंबांनी आपली मुले तेथून काढून घेतली. तथापि, ज्यांना अन्यत्र कोणी उंबरठा ओलांडू देत नव्हते, त्यांना या शाळांनी आत घेतले, हेही तितकेच खरे.

जोतीराव फुले यांचे उदाहरण तर घराघरांत माहीत असावे असे आहे. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांची शाळा बंद केली. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब या दोघांनी वडिलांचे मन वळविले. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. दोघांचेही त्या माळ्याच्या मुलाशी ना नाते, ना जात. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. अहमदनगरची मुलींची शाळा पाहून १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतःची कन्याशाळा काढली व सावित्रीबाईंनी तेथे अध्यापन केले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत; परंतु सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, हा विचार त्यांनी आपलासा केला.

१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, ते आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, मग तो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर का खर्चावा, असा त्याचा रोख होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या पुरुषाने सरकारकडे सर्वांची शाळा मागितली. ती मागणी कायद्याने पूर्ण व्हावयास मात्र फार काळ लागला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला.

दरम्यान आपला परिसर पालटला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योग चाकणपर्यंत पसरले. कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून माणसे आली. त्यांची पुष्कळ मुले महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. आपल्यांपैकी ज्यांना ऐपत आली, त्यांनी खासगी शाळांची वाट धरली. त्यांस आम्ही दोष देत नाही. मात्र बोलू शकणारे पालक निघून गेले की त्या शाळेची बाजू मांडणारे कोणी उरत नाही.

शेजारी कोणास म्हणावे, या प्रश्नाला येशू ख्रिस्ताने जी कथा सांगून उत्तर दिले, तीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला त्याचे स्वकीय टाळून जातात आणि हीन मानलेला शोमरोनी मनुष्य उचलून घेतो. कोणत्याही ज्ञातिसंस्थेने मनन करावे, अशी ही कथा आहे. मुन्शी व लिजीट यांनी हाच शेजारधर्म पाळला.

आपणांसही तो पाळता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या जागा स्त्रियांसाठी असतात. ज्यांची मुले तेथे आहेत, त्यांनी समितीत बसावे. इतरांनी ग्रंथ, प्रयोगसाहित्य व सायंकाळचा एखादा तास द्यावा. संस्थेने आपल्या शिक्षणनिधीचा एक भाग जात न विचारता जवळच्या सार्वजनिक शाळेस द्यावा, अशी आमची सर्व सभासदांस नम्र सूचना आहे. जोतीरावांसाठी परक्यांनी शब्द टाकला. तो उपकार आपण परक्यांच्या मुलांसाठी झटूनच फेडू शकतो.