आजोबांच्या फडताळातलं काडतूस

सर्वणच्या आमच्या जुन्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात पितळेचं एक रिकामं काडतूस असायचं. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, त्यानंतर चार-दोन दिवसांनी आजोबांना ते रस्त्याकडेला सापडलं. "पाखल्याच्या बंदुकीचं" असं ते सांगायचे. आम्ही पोरांनीही शाळेत तेच सांगून भाव खाल्ला.

चवथीला सगळे जमले की ओसरीवर वाद ठरलेला. शेजारचे नाना कॉलेजात एनसीसीत होते. त्यांच्या मते थ्री-नॉट-थ्रीपुढे पाखल्याची बंदूक म्हणजे पोरखेळ. आजोबा म्हणायचे, "लांबचा नेम पाखल्याचाच रे!"

परवा हे आकडे मांडून बसलो. गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर होते.

१८९५ मध्ये पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत जायला नकार देऊन बंड केलं आणि दादा राणे त्यांना मिळाले. त्या काळी पोर्तुगीज सैन्याची बंदूक होती १८८६ ची क्रोपाचेक. ८ मिलिमीटरची, सुमारे १६ ग्रॅमची जड गोळी, वेग सेकंदाला ५३० मीटरच्या आसपास. ३०० मीटरवर ती दोन मीटरच्या आसपास खाली यायची. म्हणजे अंतराचा अंदाज जरा चुकला की नेम गेलाच.

मग १९०४ ची माउझर-वर्गेरो आली. गोळी ६.५ मिलिमीटर, साधारण १० ग्रॅम, वेग ७१५. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ७.७ मिलिमीटर, ११.३ ग्रॅम, वेग ७४४. दोघींची ३०० मीटरवरची घसरण एक मीटरच्या आसपास. डावं-उजवं करायला फारसं काही नाही. पण साडेसहाची गोळी बारीक आणि लांबट, वजनाच्या मानाने हवा कमी अडवते, आणि खांद्याला धक्काही कमी. धक्का कमी म्हणजे नेम हलत नाही. आज जगभर लांब पल्ल्याचे नेमबाज ६.५ क्रीडमूर हे २००७ चं काडतूस आवडीने वापरतात. आजोबांनी हे ऐकलं असतं तर नानांचं जेवण गोड लागलं नसतं! (आपल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, ते मात्र पॉइंट टू-टूच्या चिमुकल्या गोळीवर, ५० मीटरवरून.)

हे सगळं वाचताना एक गोष्ट कळली. माउझरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड नसते, थ्री-नॉट-थ्रीला असते. लगेच फडताळ उघडलं. कड होती. पण कड क्रोपाचेकलाही असते, म्हणून चिंच लावून बूड घासलं. हळूहळू अक्षरं दिसली: 'के एफ', आणि रोमन सात. के एफ म्हणजे खडकी, पुण्याचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. सात म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचा सातवा नमुना.

साठ वर्षं पाखल्याचं म्हणून जपलेलं काडतूस भारतीय जवानाचं निघालं.

बाबांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा फडताळात ठेवलं आणि म्हणाले, "नानांना सांगू नकोस हां."