कुलपातले गाणे

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घेणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पैसे मोजले की गुंड आपला. त्यात पाणी भरायचे की धान्य, हे सांगायला कासार तिच्यामागे घरी येत नाही. गाण्याचा व्यवहार मात्र इतका सरळ कधीच नव्हता.

पूर्वीच्या उस्तादांना आपल्या चिजा जिवापलीकडे जपाव्या लागत, कारण तीच त्यांची इस्टेट. गंडा बांधल्यावाचून तालीम नाही, आणि अस्थायी हाती आली तरी अंतऱ्यासाठी शिष्याने सेवा करीत बसावे! जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या (१८५५–१९४६) आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही. मुंबईचे वकील पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा मिळवून स्वरलिपीसह छापल्या. त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’ने कितीतरी चिजांची कुलुपे निघाली.

आमच्या झाडीपट्टीतल्या शाहिराची रीत निराळी. गाणे कोणीही गावे, पण शेवटच्या कडव्यात कर्त्याचे नाव गुंफलेले असायचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा तिनेही गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारले. ही नाममुद्रा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

तबकडीची नक्कल घरी होत नसे. कॅसेट आली आणि कोरी कॅसेट व गाण्यांची यादी दुकानदाराच्या हाती दिली की काम भागू लागले. संगणकाने तर नक्कल आणि अस्सल यांतला फरकच पुसला. कंपन्या घाबरल्या. ॲपलने २००३ साली गाण्यांचे दुकान उघडले ते कुलपासकटच: विकत घेतलेले गाणे ठरावीक संगणकांवरच वाजे. सोनी बीएमजीने २००५ साली तबकड्यांतून गिऱ्हाइकाच्या संगणकात एक छुपा प्रोग्रॅमच घुसवला. बोभाटा झाल्यावर तबकड्या परत घ्याव्या लागल्या. चोर राहिला बाजूला, झडती झाली ती पैसे मोजणाऱ्याची!

२००८ साली याहूने आपले दुकान मिटले. किल्ली देणारा संगणकच बंद, मग घेतलेली गाणी नव्या यंत्रावर न्यायची कशी? कंपनीने भरपाई देऊ केली. पण गुंड विकून वर त्याचे तोंड बुजवावे, असलाच हा प्रकार.

ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी २००७ च्या फेब्रुवारीत एका जाहीर पत्रात हिशेबच मांडला. २००६ साली कुलपाची गाणी विकली गेली दोनशे कोटींहून कमी, आणि कंपन्यांनी स्वतःच सीडींवर बिनकुलपाची विकली दोन हजार कोटींहून अधिक. मग कुलूप कशाला? ईएमआयने त्याच वर्षी ते काढले, २००९ मध्ये इतरांनीही. ॲपलच्या त्या मोकळ्या गाण्यांत मात्र खरेदीदाराचे नाव गुपचूप नोंदलेले असे. शाहिराची नाममुद्राच ही, फक्त कर्त्याऐवजी गिऱ्हाइकाची!

आपल्याकडे उलटे घडले. तिकडे कुलुपे निघाल्यावर, २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने असले कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठरली. आता महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकायची चाल पडली आहे, आणि तिथे कुलूप पुन्हा आहेच. घर भाड्याचे म्हटल्यावर कोणी तक्रार करीत नाही, एवढेच.

अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे टिकतो. त्यामुळे १९६० पूर्वी निघालेल्या त्यांच्या तबकड्यांवरचा हा हक्क आता संपला आहे.