टोळी नंबर ते लॉगिन आयडी

गेल्या शनिवारी साताऱ्यात होतो. रात्री कंटाळा आला म्हणून बाहेरून जेवण मागवलं. घेऊन आलेला मुलगा पाटण तालुक्यातला निघाला. पाऊस होता, म्हणून दारातच दोन मिनिटं बोलत थांबलो. म्हणाला, "आजोबा मुंबईला माथाडी होते. त्यांना फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली. माझा आयडी बंद झाला की विषय संपला."

झालं! डोक्यात किडा शिरला आणि रविवार वाचण्यात गेला.

साठच्या दशकातली मुंबई डोळ्यासमोर आणा. मस्जिद बंदरचा घाऊक बाजार. सातारा-सांगलीकडून आलेली माणसं डोक्यावर गोण्या वाहतायत. पैसे गोणीवर, म्हणजे आजच्या भाषेत 'पर ऑर्डर'. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणायचा, काम तर शेटचं. मग मालक कोण? कुणीच नाही. ओळखीचं वाटतंय ना?

या लोकांची संघटना बांधली अण्णासाहेब पाटलांनी. तेही पाटण तालुक्यातलेच, मंद्रुळकोळ्याचे. त्या लढ्यातून वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ चा माथाडी कायदा आला. यातली गंमत व्याख्येत आहे. कुणाच्याही नोकरीत नसलेला, पण मालकाच्या परवानगीने किंवा त्याच्याशी ठरवून काम करणारासुद्धा 'कामगार'. म्हणजे नोकर की स्वतंत्र, हा वाद कायद्याने बाजूलाच ठेवला.

व्यवस्था साधी. मालक आणि टोळी, दोघांची मंडळाकडे नोंदणी. मंडळावर मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी वगैरे. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. खातं मात्र मंडळात एकच. आम्ही आयटीवाले ज्याला पोर्टेबल म्हणतो, ते हेच की!

आता बाकीचं जग बघा. लंडनमध्ये उबरचे ड्रायव्हर २०१६ मध्ये लवादापुढे जिंकले, पण अपिलं होत होत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९ फेब्रुवारी २०२१ ला. तेव्हा ते 'वर्कर' ठरले आणि किमान वेतन, पगारी रजा लागू झाली. स्पेनने २०२१ मध्ये कायदाच केला की डिलिव्हरीवाला हा कर्मचारी मानायचा. कॅलिफोर्नियात उलटं झालं. २०१९ चा कायदा ड्रायव्हरांच्या बाजूचा होता, पण २०२० च्या नोव्हेंबरात कंपन्यांनी प्रचंड पैसा ओतून जनमताने त्यातून सूट मिळवली. सगळीकडे भांडण एकच, 'हा नोकर आहे का?'

आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदे केले. त्यांचा साचा बघितला तर मंडळ, नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर शुल्क... आमच्या माथाडीचीच सावली! केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिताही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे आहेत.

आता माथाडी म्हणजे रामराज्य असं मी म्हणत नाहीये. बोगस टोळ्यांची दादागिरी, नोंदणी टाळणारे मालक, सगळं आहे. शिवाय सांगलीच्या हळद बाजारात हमाल बसले तर सौदे थांबतात, कारण ते एका जागी असतात. हा मुलगा एकटाच, गाडीवर. तो बसला तर ऑर्डर दुसऱ्याला जाते. पण एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे. गोण्या लपवता यायच्या. इथे प्रत्येक ऑर्डर सर्व्हरवर नोंदलेली असते. लेव्ही कापायला जेमतेम चार ओळींचा कोड लागेल. अडचण कोडची नाहीच, कापायला लावणाऱ्याची आहे.

१९६९ मध्ये ते लावणारी माणसं पाटणच्या डोंगरातून आली होती.

असो. जेवण गार झालं होतं, पण तक्रार नाही.