हैदराबादची दुहेरी

हिंगोलीत टेनिसचा इतिहास सांगावयाचा म्हटल्यावर पुष्कळांच्या कपाळावर आठी पडेल. आमच्याकडे मैदान म्हटले की रामलीला मैदान, आणि गर्दी म्हटली की दसऱ्याची. परंतु आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, म्हणजे हैदराबाद शहरात, २००४ सालच्या फेब्रुवारीत स्त्रियांच्या टेनिसमधील एक मोठी गोष्ट घडली. लोकांच्या स्मरणात मात्र तिची नोंद चुकीच्या सालाखाली झाली आहे. ती नोंद दुरुस्त करावी म्हणून आम्ही हा विषय घेतला.

भारतीय स्त्रीने धंदेवाईक टेनिसच्या जागतिक मालिकेतील पहिले विजेतेपद केव्हा मिळविले, असे कोणासही विचारावे. उत्तर येते, २००५ साली, सानिया मिर्झाने, हैदराबादला. विजेती खरी, गाव खरे, साल मात्र एकाने पुढे गेले. २००५ चे विजेतेपद एकेरीचे होते. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच गावी, तिने दुहेरीचे विजेतेपद घेतले होते आणि पहिले ते. दुहेरी म्हणजे एकेरीची धाकटी बहीण, तिची बातमी शेवटच्या चार ओळींत उरकावयाची, ही जी आमच्या वर्तमानपत्रांची आणि आमचीही सवय, तिचाच हा परिणाम होय.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कोर्टाची लांबी अठ्ठ्याहत्तर फूट. रुंदी एकेरीला सत्तावीस फूट, तर दुहेरीला छत्तीस. दोन्ही अंगांना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या वाढतात, एवढाच काय तो जमिनीचा फरक. खेळ मात्र निराळाच होतो. एकेरीत पाय आणि दम यांचा कस लागतो. दुहेरीत त्यांच्या जोडीला हवे जाळ्याजवळचे चापल्य, आणि दोघींपैकी मधला चेंडू कोणी घ्यावयाचा याचा न बोलता झालेला करार. हा करार ज्या जोडीचा पक्का, ती आपल्याहून नावाजलेल्या दोन एकट्या खेळाडूंना भारी पडते. आमच्या मते पाहणाऱ्यास दुहेरीतच अधिक रस मिळतो; पण हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

दुहेरीला दुय्यम लेखण्याची रीत जुनीच आहे. विंबल्डनला स्त्रियांची एकेरी १८८४ साली सुरू झाली, दुहेरीची अजिंक्यपद स्पर्धा १९१३ साली. म्हणजे मध्ये एकोणतीस वर्षे गेली. आपल्या देशात हा खेळ इंग्रजांच्या छावण्यांतून आणि जिमखान्यांतून आला. हिंगोली ही देखील १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, हे येथे आठवणे गैर होणार नाही. जिमखान्याच्या त्या काळात आपल्या बायकांनी रॅकेट हाती धरणे ही सोपी गोष्ट नव्हती. शंकर पांडुरंग पंडितांसारख्या वेदसंशोधकाची कन्या, 'सत्याग्रहगीता' लिहिणाऱ्या संस्कृत कवयित्री क्षमाबाई राव या टेनिसही खेळत, आणि त्यांची कन्या लीला हिने १९३४ साली विंबल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. हे सारे हौशी खेळाडूंचे युग. पैसे घेऊन खेळणे हलके समजले जाई, आणि धंदेवाईकांना मोठ्या स्पर्धांची दारे बंद असत. ती १९६८ साली उघडली. पण बक्षिसाच्या रकमेत पुरुषांना पायली आणि स्त्रियांना चिपटे, असा प्रकार होता. म्हणून १९७० साली ह्यूस्टन येथे नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून वेगळी चूल मांडली, आणि १९७३ साली बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने स्त्री-खेळाडूंची संघटना उभी राहिली. याच संघटनेच्या मालिकेतील एक लहानशी स्पर्धा २००३ साली हैदराबादला आली.

लहान म्हटली ती दर्जाच्या पायरीने. तिच्या दुहेरीची यादी पाहिली तर मात्र ती लहान वाटत नाही. पहिल्या वर्षी रशियाची एलेना लिखोव्त्सेवा आणि उझबेकिस्तानची इरोदा तुल्यागानोव्हा जिंकल्या. दुसऱ्या वर्षी, २००४ साली, अंतिम सामन्यात एका बाजूला ली तिंग आणि सुन तियानतियान ही चिनी जोडी; दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली अनुभवी लीझेल हूबर आणि तिच्यासोबत मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सतरा वर्षांची सानिया. आदल्याच वर्षी तिने विंबल्डनला मुलींची दुहेरी जिंकली होती. पण मुलींचा खेळ वेगळा आणि पोटासाठी खेळणाऱ्या बायांचा वेगळा. पहिला सेट टायब्रेकरवर गेला. तो हूबर-सानियाने घेतला आणि दुसरा ६-४ असा जिंकून सामना संपविला.

या विजयाचे मोल त्या दिवशी कोणालाच पुरते कळणे शक्य नव्हते. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये त्याच ली आणि सुन यांनी दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. चीनचे टेनिसमधील ते पहिले सुवर्ण. म्हणजे ज्या जोडीला हैदराबादेत हरविले, ती पुढे त्याच वर्षी ऑलिंपिकविजेती ठरली! २००५ साली हीच जोडी हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुन्हा हरली, या वेळी आपल्याच देशाच्या यान झी आणि झेंग जी यांच्याकडून. आणि त्या दोघींनी २००६ साली ऑस्ट्रेलियन आणि विंबल्डन या दोन्ही स्पर्धांची दुहेरी जिंकली. त्याच वर्षी आपली ही स्पर्धा बंगलोरला गेली. तेथे हूबर-मिर्झा जोडीने पुन्हा दुहेरी जिंकली.

एकेरीत सानिया २००७ साली जगात सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. पण मनगट, गुडघे यांच्या शस्त्रक्रियांनी तिची वाट अडविली, आणि २०१३ साली तिने एकेरी सोडली. आमच्याकडील पुष्कळांनी तेव्हा तिचा खेळ संपला असे धरले. दुहेरीला धाकटी समजणाऱ्यांनी दुसरे काय धरावे? २०१५ सालच्या एप्रिलमध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. त्याच जुलैत विंबल्डनच्या अंतिम सामन्यात ती आणि मार्टिना हिंगिस तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशा मागे होत्या; रशियाच्या माकारोव्हा आणि वेस्निना यांना विजयास एकच गेम हवा होता. तो त्यांना मिळाला नाही. सेट ७-५ असा फिरला.

आता आमच्या बाजूच्या मुलखाकडे येऊ. टेनिस हा महागडा खेळ. प्रवास, मुक्काम, शिक्षक, चेंडू, सारे पदरचे. आणि खालच्या पायरीवरील स्पर्धेत जिंकलेली रक्कम दुहेरीत दोघींत वाटून घ्यावयाची. तरीही दुहेरीत एक गोष्ट आहे. एकेरीत ज्या मुलीचा क्रमांक खाली राहतो, ती चांगल्या जोडीदारिणीबरोबर मोठ्या कोर्टावर पोचू शकते. निजामी हद्दीला भिडलेल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे हिचे उदाहरण घ्या. हैदराबादेत सानियाच्या नावाच्या प्रबोधिनीत तिने सराव केला, २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाच्याच जोडीने स्त्रियांच्या दुहेरीचे कांस्यपदक मिळविले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये दोघी पुन्हा एकत्र उतरल्या. तेथे चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याशी पहिल्याच फेरीत गाठ पडली. तीन सेट झाले आणि तिसरा ७-५ असा गेला. हरल्या हे खरे. पण बार्शीच्या मुलीचे नाव ऑलिंपिकच्या तक्त्यावर लागले ते दुहेरीमुळे.

सानियाने २०२३ च्या फेब्रुवारीत दुबईला रॅकेट ठेवली. प्रार्थना खेळत राहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर झालेल्या स्पर्धेत ती हॉलंडच्या आरियान हार्टोनोसह दुहेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. एकेक सेट वाटला गेला. दुहेरीत हल्ली तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेकर खेळतात; त्यात अमिना अन्शबा आणि एलेना प्रिदान्किना यांनी १०-७ अशी बाजी मारली.