ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागच्या दिव्यांचे वायरिंग

मोटरहोमच्या (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) मागे चारही चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेलेल्या मोटारीचे टेललाइट, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर पुढच्या वाहनाच्या दिव्यांबरोबर लागावेत, यासाठी केलेली विद्युत जोडणी. ही पद्धत मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात रूढ आहे. तिथे मोटरहोम घेऊन महिनोन्‌महिने भटकणारी मंडळी मुक्कामावर बाजारहाट करायला किंवा अरुंद रस्त्यांवर हिंडायला एक लहान गाडी मागे बांधून नेतात. मोटारीच्या पुढच्या बाजूला चॅसिसला कायमची आधारपट्टी बसवलेली असते. तिला टो-बार, म्हणजे ओढण्याचा दांडा, अडकवला की काम झाले, वेगळा ट्रेलर लागत नाही. जीप रँग्लर ही या मंडळींची जुनी लाडकी गाडी, कारण तिचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत शक्ती वाटणारा भाग) न्यूट्रलमध्ये टाकला की चाके कितीही फिरली तरी गिअरबॉक्सला धक्का लागत नाही. सगळ्याच गाड्यांना हे जमत नाही. होंडा सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत अशी ओढता येत असे; २०१५ मध्ये अमेरिकेत तिला सीव्हीटी (पायऱ्या नसलेला स्वयंचलित गिअरबॉक्स) आली आणि ती सोय गेली.

टो-बार लागला की मोटरहोमचे मागचे दिवे मोटारीच्या आड जातात. त्यामुळे वाहनांच्या जोडीत सर्वांत मागे असलेल्या वाहनावर दिवे हवेत, असा नियम अमेरिकी राज्यांत आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत तो स्पष्टच लिहिला आहे. वरवर पाहता काम सोपे वाटते, चार वायरी मागे नेल्या की झाले. अडचण अशी की मोटारीचे दिवे आधीच तिच्या स्वतःच्या बॅटरीला, स्विचांना आणि आता कॉम्प्युटरलाही जोडलेले असतात. त्याच दिव्यांना दुसऱ्या वाहनाचा करंट द्यायचा आणि तो मोटारीच्या यंत्रणेत मागे शिरू द्यायचा नाही, हे या वायरिंगचे खरे काम. बाजारातल्या सगळ्या पद्धती या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

सर्वांत साधे उत्तर म्हणजे मोटारीच्या वायरिंगला हातच न लावणे. चुंबकावर चिकटणारे सुटे दिवे डिकीवर किंवा छतावर ठेवायचे आणि त्यांची केबल गाडीवरूनच पुढे आणायची. कधीमधी ओढायची असेल तर हे ठीक. मात्र चुंबकाखाली धूळ अडकून रंगावर ओरखडे उठतात, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चुंबक धरतच नाही.

दुसरी पद्धत वेगळ्या बल्बची. टेललाइटच्या खोक्याला मागून भोक पाडून त्यात जास्तीचा होल्डर आणि बल्ब बसवतात. हा बल्ब फक्त मोटरहोमच्या वायरींवर चालतो, त्यामुळे दोन्ही यंत्रणा पूर्ण अलग राहतात. नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा धसका घेतलेले लोक हीच पद्धत पसंत करतात, आणि त्यात शहाणपणा आहे. पण खोक्यात जागा हवी, बल्बच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळणार नाही इतके अंतर हवे, आणि भोक नीट बंद केले नाही तर पहिल्याच पावसात आत पाणी साचते. चपट्या एलईडी टेललाइटमध्ये बहुधा जागाच नसते.

तिसरी आणि बराच काळ सर्वाधिक चाललेली पद्धत डायोडची. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. दिव्याकडे जाणारी मोटारीची वायर दिव्याजवळ कापतात. दिव्याकडचे टोक डायोडच्या आउटपुटला जोडतात; मोटारीकडचे टोक एका इनपुटला आणि मोटरहोमकडून आलेली वायर दुसऱ्या इनपुटला. करंट कुठूनही आला तरी दिवा लागतो, पण एका वाहनाचा करंट दुसऱ्याच्या वायरिंगमध्ये उलटा जात नाही. डायोड न लावता वायरी थेट एकत्र पिळल्या, तर मोटरहोमचा टेललाइट लागताच मोटारीचे डॅशबोर्डचे दिवे, पुढचे पार्किंग दिवे असे सगळेच उजळते आणि मोटरहोमच्या फ्यूजवर नको तो भार येतो.

डायोड मात्र फुकट काम करत नाही. अमेरिकेत अनेक दशके चाललेला ११५७ क्रमांकाचा बल्ब घ्या. त्यात दोन फिलामेंट असतात, ८ वॅटचे टेललाइटसाठी आणि २७ वॅटचे ब्रेक व इंडिकेटरसाठी. मोठे फिलामेंट १२.८ व्होल्टला २.१ अँपिअर घेते. एवढ्या करंटला साधा सिलिकॉन डायोड पाऊण ते एक व्होल्ट खातो, म्हणजे दोनेक वॅट उष्णता. त्यामुळे तो गालिचाखाली कोंबून ठेवायचा नसतो. पत्र्याला स्क्रूने आवळला की उष्णता पत्रा घेतो. त्यात मोटरहोमच्या टोकापासून टेललाइटपर्यंतच्या लांबलचक वायरीतली घट मिळवा. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर प्रकाश सुमारे तीस टक्के उतरतो. म्हणून १६ गेजपेक्षा बारीक वायर वापरणे ही वायरीतली काटकसर नाही, ब्रेकलाइटमधली आहे.

रंगांचा संकेत उत्तर अमेरिकेत बराचसा ठरलेला आहे. चार वायरींच्या चपट्या कनेक्टरमध्ये पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेललाइटची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या ब्रेक-इंडिकेटरची असते. मोटरहोमला बहुधा सात पात्यांचे सॉकेट असते आणि मोटारीच्या जाळीत सहा पिनांचे गोल सॉकेट बसवतात; मधे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली केबल, जी वळणावर ताणली जाते आणि सरळ रस्त्यावर जमिनीला घासत नाही. उरलेल्या पिनेवरून अनेक जण मोटारीची बॅटरी चार्ज ठेवणारी, फ्यूज लावलेली वायर घेतात. काही गाड्यांत स्टिअरिंग मोकळे ठेवायला चावी ॲक्सेसरीवर ठेवावी लागते, आणि दिवसभराच्या प्रवासात बॅटरी उतरते. मोटरहोमच्या पोटातल्या वायरींचे रंग मात्र याच संकेताने असतील असे नाही; टेस्टर लावल्याखेरीज रंगावर विसंबू नये.

पिवळ्या आणि हिरव्या वायरीवर ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र येतात, ही अमेरिकी रस्त्यांची खासियत. तिथल्या दिव्यांच्या केंद्रीय मानकानुसार (क्रमांक १०८, १९६८ पासून) मागचा इंडिकेटर लाल किंवा पिवळा, कोणताही चालतो. त्यामुळे कित्येक गाड्यांत एकच लाल दिवा ब्रेकला स्थिर जळतो आणि वळताना उघडझाप करतो. दुसऱ्या गाड्यांत पिवळा इंडिकेटर स्वतंत्र असतो. मोटरहोम एकत्र पद्धतीचे आणि मोटार स्वतंत्र पद्धतीची असेल, तर सोपा मार्ग असा की एकत्र सिग्नल सरळ मोटारीच्या लाल ब्रेकलाइटला द्यायचा आणि पिवळा इंडिकेटर ओढताना निजवून ठेवायचा. उलट परिस्थितीत, म्हणजे मोटरहोम स्वतंत्र आणि मोटार एकत्र असेल, तर ब्रेक आणि इंडिकेटरचे सिग्नल एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतोच. खरेदीआधी कोणी ही तपासणी केली नाही की किट परत करण्याची वेळ येते.

सर्वांत चकवणारा घोटाळा दिव्यांत दिसतो, पण उगम पावतो ब्रेकमधून. मोटारीच्या वजनामुळे तिचा स्वतःचा ब्रेकही लागावा म्हणून पूरक ब्रेक यंत्रणा बसवतात. तिच्या एका प्रकारात ड्रायव्हरच्या जागी ठेवलेली पेटी मोटारीचे पॅडल दाबते. पॅडल दबताच मोटारीचा स्वतःचा ब्रेक स्विच चालू होतो आणि तिच्या बॅटरीचा करंट डायोडच्या मोटारीकडच्या इनपुटमधून दोन्ही लाल दिव्यांत जातो. आता चालकाने ब्रेक दाबून डावीकडे वळायचा इशारा दिला, तर मोटरहोमचा डावा दिवा उघडझाप करतो, पण मोटारीचा डावा दिवा स्थिर जळत राहतो. मागच्याला वळण दिसतच नाही. डायोडने आपले काम चोख केलेले असते. दोन्ही बाजूंचा करंट येऊ देणे हेच तर त्याला सांगितले होते. उपाय म्हणजे ओढताना मोटारीच्या ब्रेक स्विचची दिव्यांकडे जाणारी वायर तोडणारा रिले. काही जण त्याऐवजी ब्रेकलाइटचा फ्यूज काढतात. मग मुक्कामावर तो परत लावायला विसरले की तीच मोटार बिनब्रेकलाइटची बाजारात फिरते. मागच्या काचेतला तिसरा ब्रेकलाइट (अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना सक्तीचा) डायोड किटला सहसा जोडलेला नसतो.

एलईडी आणि बॉडी कॉम्प्युटर असलेल्या गाड्यांत डायोडचे दिवस सरत आले आहेत. काही गाड्यांत टेललाइट आणि ब्रेकलाइट एकच एलईडी असतो आणि कॉम्प्युटर वेगवान स्पंदांनी त्याची तीव्रता कमी-जास्त करतो. मधे डायोड आला की कॉम्प्युटरला बल्ब गेल्याचा भास होऊन डॅशबोर्डवर इशारा येऊ शकतो. अशा गाड्यांसाठी त्या-त्या मॉडेलची प्लग जोडून चालणारी हार्नेस, म्हणजे वायरींची तयार जुडी, मिळते. महाग असली तरी कंपनीची वायर न कापता बसते, आणि नव्या गाडीवर हाच मार्ग बरा.

बिघाडांपैकी अर्थिंगचा बिघाड सर्वांत नेहमीचा. टो-बारच्या सांध्यांवर अर्थिंगसाठी भिस्त ठेवता येत नाही. गंज, ग्रीस आणि सैल पिना यांमुळे दिवे खड्ड्यागणिक लुकलुकतात. पांढरी वायर तुटली आणि वेगळ्या बल्बची जोडणी असेल, तर मजेदार दृश्य दिसते: डावा इंडिकेटर दिला की मागचे सगळेच बल्ब मंद उघडझाप करतात. डाव्या बल्बमधून मोटारीच्या पत्र्यात उतरलेल्या करंटला परतीची वाट नसते, म्हणून तो उजव्या बल्बमधून हिरव्या वायरीत शिरून मोटरहोमच्या उजव्या दिव्यावाटे अर्थ शोधतो. दिवे असे एकमेकांत मिसळलेले दिसले की बल्ब बदलत न बसता आधी पांढऱ्या वायरीचे टोक खरवडून घट्ट करावे.

ब्रिटनमध्ये अशा ओढणीला ए-फ्रेम म्हणतात आणि मागची मोटार ट्रेलर गणली जाते. तिच्यावर पुढच्या वाहनाची नंबरप्लेट आणि मागे त्रिकोणी लाल रिफ्लेक्टर लागतात. तिथल्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये ब्रेकची लाल वायर वेगळी असते आणि इंडिकेटर पिवळाच, त्यामुळे एकत्र-स्वतंत्र हा अमेरिकी गोंधळ उद्भवत नाही. भारतात हौशी प्रवासासाठी गाडी अशी ओढण्याची रीत नाही; आपल्याकडे ओढली जाते ती बंद पडलेली गाडी, टोचन लावून, जवळच्या गॅरेजपर्यंत. १९८९ च्या रस्ता विनियमांत अशा दोन वाहनांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे आणि मागच्या गाडीत चालक बसलेला असावा, असे म्हटले होते. मागे माणूस असल्याने दिवेही त्याच गाडीच्या बॅटरीवर लागतात, आणि बॅटरीच बसली असेल तर टेललाइट अंधारातच राहतात.